मानमोडीच्या वर्षीचा शाळू

शाळू पिवळा पडायला लागला की मी चिडचिडी होते, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे. खोटं कशाला बोलू, होते. साताऱ्यातून बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला कणसं वाळत उभी असतात, वाऱ्यानं पानं खरखरतात, आणि गाडीतल्या सगळ्यांना ‘अहाहा, काय दिसतंय!’ झालेलं असताना मी काच वर करून घेते. त्या खरखरीत मला कोंबड्यांचे पाय ऐकू येतात. इतकी वर्षं झाली, तरी येतात.

परवा प्रज्ञा आली होती. माझी शेवटची विद्यार्थिनी, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. चहा होईपर्यंत तिचं रडगाणं सुरू झालं. ‘मॅडम, पोलिमरेज संपलं होतं हो. कुरियर चार दिवस उशिरा आलं. अख्खा आठवडा वाया गेला.’ मी म्हटलं, ‘आठवडा? अगं बये, आठवड्याचं काय घेऊन बसलीस!’ आणि मग मी चहा गाळायला लागले. तिला काय सांगणार? तिच्या हाती येतं ते करंगळीच्या पेराएवढ्या नळीत, बर्फात घालून, तळाशी एक थेंब. तो थेंब म्हणजे विषाणूचं प्रथिन. पण ते करायला विषाणू लागलेला नसतो. त्या प्रथिनाची कृती तेवढी उचलून साध्या जिवाणूच्या पोटात ठेवतात, जिवाणू ते गुमान तयार करतो, धुऊन-गाळून स्वच्छ केलं की झालं. त्याला रिकॉम्बिनंट म्हणतात. कोणतं औषध त्याला अडवतं, कोणतं नाही, हे ती दिवसभर त्याच्यावर बघते आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जाते. कोणाला शिंकसुद्धा येत नाही.

पोलिमरेज म्हणजे विषाणूचं नक्कल उतरवायचं अवजार. आम्हाला हवं होतं ते राणीखेतच्या विषाणूचं. राणीखेत म्हणजे आपल्याकडची मानमोडी, कोंबड्यांचा रोग. या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएमध्ये लिहिलेला असतो, आणि आरएनएवरून आरएनए उतरवून घ्यायची सोय कोंबडीच्या पेशीत नसते. म्हणून हा पाहुणा आपलं अवजार पिशवीत घालूनच येतो. हे जगात नुकतंच कळलं होतं, आणि मी ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते त्या सरांना ते अवजार सांगलीत बघायचं होतं. सत्तरच्या दशकातली ती गोष्ट. तेव्हा अवजार हवं असेल तर विषाणू वाढवावा लागे, विषाणू वाढवायचा तर कोंबडीचं अंडं लागे, आणि अंडी आणायचं काम माझ्याकडे होतं.

एका कॉलेजात जिन्याखालची खोली आम्हाला दिली होती. आधी तिथं मोडकी बाकं ठेवत. सुतारानं करून दिलेलं लाकडी कपाट, आत चार दिवे, हेच आमचं अंडी उबवायचं यंत्र. वीज गेली की सर स्वतः गरम पाण्याच्या रबरी पिशव्या भरून आत ठेवत आणि थर्मामीटरकडे असे बघत बसत, जणू घरात कोणी तापानं फणफणलंय. त्या दिवसांत बाजारपेठेत नवी हळद यायची. वारा फिरला की तिचा कच्चा, मातकट वास खोलीत भरायचा आणि स्पिरिटच्या, वितळलेल्या मेणाच्या वासात मिसळायचा. अजून कुठं ओली हळद उकडताना दिसली की माझे हात आपोआप अंडं धरल्यासारखे होतात.

अंडं दिव्यासमोर धरायचं. नऊ-दहा दिवसांचं असलं की आत तांबड्या शिरांचं जाळं दिसतं आणि मधोमध एक काळा ठिपका हलतो. तो डोळा. हवेच्या पोकळीवर पेन्सिलीनं खूण करायची, सुईएवढं भोक पाडायचं, विषाणूचा थेंब आत सोडायचा, भोक मेणानं बुजवायचं. दोन-तीन दिवसांनी अंडं थंड करून आतलं पाणी काढायचं. त्यात कोंबडीच्या रक्ताचे कण मिसळले आणि ते वाटीच्या तळाशी ठिपका धरून न बसता चादरीसारखे पसरले, की समजायचं विषाणू आहे. पहिल्यांदा पसरले तेव्हा सरांनी सगळ्यांना भेळ आणली होती. मी दोन पुड्या खाल्ल्या. त्या अंड्यांतल्या हलणाऱ्या डोळ्यांची आठवण मला भेळ खाताना आली नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

अंडी येत पारूआक्काकडून. पलूसच्या अलीकडं, मळ्यात, आमची वस्ती. वस्तीवर घरं पाच, त्यात तिचं शेवटचं. नात्यानं काही नाही, पण वडील फौजेत आणि आई दिवसभर रानात असल्यानं मी लहानपणी आईपेक्षा तिच्याच अंगणात जास्त वाढले. उसाची जमीन तिच्या नवऱ्याची आणि दिरांची, म्हशी सासूच्या, घराची किल्लीसुद्धा सासूच्या कमरेला. कोंबड्या मात्र आक्काच्या. तासगावकडचं तिचं माहेर. लग्नानंतर पहिल्या खेपेला आईनं तिच्या काखेत एक उघड्या मानेची तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, दिली होती, आणि अंगणातल्या चाळीसभर कोंबड्या सगळ्या त्या एकीच्या पोटच्या. सगळ्यांच्या माना तशाच, बिनपिसांच्या, लालभडक. आई कधीच गेली, भावांनी वाटण्या करून घेतल्या. आक्का म्हणायची, ‘म्हायेर आता हितंच हाय बग माजं. खुराड्यात.’ हसून म्हणायची. पण संध्याकाळी कोंबड्या कोंडताना एक जरी कमी भरली तरी कंदील घेऊन बांधाबांधानं हिंडायची.

तिला दिवा लागायचा नाही. अंडं मुठीत धरून ती दाराच्या फटीतल्या उन्हाला लावायची आणि एका नजरेत सांगायची, ‘हे धर. हे नगं, पाणी हाय नुसतं.’ आमच्या कपाटात बसवल्यावर तिचं क्वचितच चुकलेलं निघे. सर एकदा मुद्दाम वस्तीवर येऊन ते बघून गेले. जाताना म्हणाले, ‘यांना नोकरीवर घ्यायला पाहिजे.’ आक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘आवं, मग माज्या कोंबड्या कोन बगंल?’

अंडी शाळवाच्या भुसकटात बसवून ती बुट्टीत घालून द्यायची. बुट्टी तिची, बांबूची, शेणानं सारवलेली. मी ती मांडीवर घेऊन एस.टी.त बसायची आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरचा उद्धार करायची.

आता इथं जरा थांबते, कारण पुढचं लिहायला हात चटकन उचलत नाही.

आम्हाला आक्काचीच अंडी का हवी होती? सांगलीत पोल्ट्रीवाले होते की. पण त्यांच्या कोंबड्यांना राणीखेतची लस दिलेली असे, आणि तशा कोंबडीच्या अंड्यात विषाणूला रोखणारं काहीतरी आईकडून उतरतं. विषाणू वाढत नाही. आम्हाला लस न टोचलेल्या कोंबड्या हव्या होत्या. आक्काच्या कोंबड्यांना कोणी कधी सुई दाखवली नव्हती.

त्या वर्षी शाळू जोरदार आला होता. खळ्यावर मळणी चालली होती, कणसांची कूस उडून सगळ्यांच्या माना खाजत होत्या, आणि कोंबड्या सांडलेले दाणे टिपत माणसांच्या पायांतून पळत होत्या. मी सुट्टीला आले होते. आक्का सुपानं वारं देत होती. मधेच थांबून म्हणाली, ‘शाले, तासगावच्या माज्या भावजयीनं कोंबड्यांस्नी सुई टोचून घेतली म्हनं. जनावरांचा डाक्टर हिकडं बी यील म्हंतोय. बोलवू का गं?’

माघ संपत आला होता. पुण्याच्या एका संस्थेतलं, विषाणू वेगळा काढायला गरागरा फिरवायचं यंत्र आम्हाला पुढच्या महिन्यात दोन दिवस मिळायचं होतं. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या, विषाणू कमी पडला म्हणून. या खेपेला अंडी मिळाली नसती तर माझं सगळं काम तिथंच बसलं असतं. मी म्हणाले, ‘थांब की आक्का. शाळू घरात येऊ दे, मग बघू.’ माझ्या आठवणीप्रमाणं मी हे अगदी सहज बोलून गेले. ती ‘बरं’ म्हणाली आणि तिनं सूप उचललं.

त्या खेपेला दोन डझन अंडी घेऊन मी सांगलीला गेले. पुढच्या रविवारी घरी यायचं होतं, तर बुट्टी परत न्यायला काढली. आठवडाभर ती टेबलाखाली होती, खाली भुसकट तसंच. आता आमच्याकडं कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर घाला, चार मिरच्या घाला, काही नाही तर मूठभर दाणे घाला, पण रिकामं द्यायचं नाही. आईनं हे इतकं अंगात मुरवलं होतं की त्याचा विचारसुद्धा करावा लागत नव्हता. रक्तासाठी म्हणून आम्ही प्रयोगशाळेत एक लस टोचलेली कोंबडी पाळली होती, तिच्या कण्यांचं पोतं कोपऱ्यात उघडं असायचं. आक्काला कोंबड्यांसाठी काही नेलं की किती आवडेल! मी दोन ओंजळी कण्या बुट्टीत ओतल्या. हात धुतले होते का? धुतले असतील. हात नेहमी धुवायचो आम्ही. त्याच हातांनी, त्याच टेबलावर, फुटलेल्या अंड्यांचं पाणी पुसलं होतं, आणि त्याचे थेंब कुठं कुठं उडाले होते ते देव जाणे.

आक्कानं बुट्टी बघितली आणि खूश झाली. ‘बगा, सांगलीच्या कॉलिजातनं खाऊ आलाय तुमास्नी!’ असं म्हणत तिनं माझ्यासमोर कण्या अंगणात फेकल्या, भुसकटही तिथंच झटकलं. कोंबड्या धावत आल्या. मी ओसरीवर बसून कौतुकानं बघत होते.

शुक्रवारी वस्तीवरचा एक माणूस बाजाराला सांगलीत आला, तो निरोप सांगून गेला. ‘पारूआक्काच्या कोंबड्यांला कायतरी झालंय. शिकल्याली हाईस, बगून जा म्हंतीया.’ कपडे न बदलता मी एस.टी. पकडली. अंगणात पाय टाकला आणि समजलं. कोंबड्या माना वाकड्या करून गोल गोल फिरत होत्या. काही पाठीमागं मान टाकून पडलेल्या, पाय झाडणाऱ्या. हिरवी विष्ठा सगळीकडं. खळ्यावर शाळवाची रास तशीच झाकून ठेवलेली होती. आक्का मधोमध बसून एकीच्या चोचीत हळद-कांद्याचं पाणी घालत होती. मला बघून म्हणाली, ‘आलीस व्हय. बरं झालं. कायतरी कर गं शाले.’

काय करणार होते मी? या रोगाला औषध नसतं, एवढं मला तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिची सासू म्हणत होती, नजर लागली. दीर म्हणत होता, हवा फिरली. मी त्यांना हो हो म्हटलं. रविवारपर्यंत अंगणात एक कोंबडी उरली नाही. आक्कानं बांधाला खड्डा काढला, एकेकीला हातानं उचलून ठेवलं, आणि शेवटची ठेवताना मात्र ती जी रडली, ती माहेरचं माणूस गेल्यावर रडतात तशी. सासू म्हणाली, ‘कोंबड्यांसाटी रडतीस व्हय गं?’ मी तोंड फिरवलं.

परत सांगलीला जाताना एस.टी.त मला एकदम आठवलं. कपाटात अंडी आहेत! शेवटच्या खेपेची दोन डझन. बुट्टी परत गेली त्याच्या आधीची, म्हणजे रोगाच्या आधीची. पाच-सहा दिवस गार ठेवून मग कपाटाच्या वरच्या खणात उबायला लावलेली, अजून न टोचलेली. सोमवारी नऊ दिवस भरले की टोचायची होती, त्याच पुण्याच्या यंत्रासाठी. खरं सांगते, मनात पहिल्यांदा आलं ते हे की ही अंडी तर आता सोन्याची झाली, पुन्हा मिळायची नाहीत, जपून टोचायला हवीत. नंतर कधीतरी दुसरं आलं.

सकाळी मी अंडी दिव्यासमोर धरली. अठरा जिवंत होती. सर सिरिंज उकळत होते. मी म्हणाले, ‘सर, ही मला हवीत.’

‘कशाला?’

‘उबवायला.’ आणि मग कण्यांचं सगळं सांगितलं. ते बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘पुण्याची तारीख परत मिळायची नाही, शालन. तुझं वर्ष जाईल. दोनही जातील.’

‘माहीत आहे, सर.’

‘जंतू मारायला पोटॅशचं पाणी कर,’ ते म्हणाले. ‘टरफलं नीट धू. आणि या खोलीतले कपडे घालून जाऊ नकोस.’ त्यांनी स्वतः पाण्याचं तापमान बघून दिलं.

न्हाऊन, नवं पातळ नेसून, अठरा अंडी लोकरी शालीत गुंडाळून, त्यात गरम पाण्याची पिशवी घालून मी पॅसेंजरनं रहिमतपूरला मावशीकडं गेले. वस्तीवर न्यायची सोयच नव्हती, तिथल्या मातीत रोग होता. मावशीची एक कोंबडी खुडूक बसली होती. तिच्या खालची अंडी काढून ही ठेवली. ती क्षणभर रागानं बघत राहिली, मग पंख पसरून बसली. बारा दिवस मी मावशीच्या घरी राहिले. कॉलेजला काही कळवलं नाही. नऊ पिल्लं निघाली, एक दुसऱ्या दिवशी गेलं. आठ राहिली. आठांच्याही माना उघड्या होत्या. मी त्या पिल्लांकडे बघून मोठमोठ्यानं रडले आणि मावशीला वाटलं, माझं कुठंतरी जमलेलं लग्न मोडलं.

पिल्लं मोठी होऊ दिली, लस टोचून घेतली, आक्काचं अंगण चुना टाकून तीन महिने मोकळं ठेवायला लावलं, आणि मग डालग्यात घालून घेऊन गेले. अंगणाच्या कडेला उभी राहून मी तिला सांगितलं. कण्या, बुट्टी, भुसकट, सगळं.

‘म्हंजी तुज्या दान्यातनं आलं?’

‘दाण्यातनं, न्हाईतर भुसकटातनं. न्हाईतर माझ्या चपलांतनं पण आलं असंल, आक्का. पायाला बी चिकटतंय ते.’

तिनं माझ्या पायांकडं बघितलं. ‘मग तितंच थांब,’ ती म्हणाली. रागावून नाही, अगदी साधेपणानं. बाहेर आली, डालगं उचललं, आत गेली. पिल्लांच्या माना बोटानं चाचपत ती बराच वेळ आत होती. मग चहा घेऊन बाहेर आली आणि बांधावर माझ्याशेजारी बसली. ‘आईची हाईत गं,’ म्हणाली. ‘आईचीच हाईत.’

त्या दिवसापासून तिनं मला अंगणात घेतलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा बांधावर ओटी भरली. मुलगी झाली, तिला घेऊन आले, तर बांधावरच तिला मांडीवर घेऊन खेळवलं. कधी वाईट बोलली नाही, कधी टाकून बोलली नाही. प्रयोगशाळांमधून मी पुढं आयुष्यभर नियमांच्या पाट्या लावल्या आणि लोक त्यांच्याखालून खुशाल चहा घेऊन जात. नियम कोणी पाळला असेल तर एकट्या पारूआक्कानं.

माझी पीएच.डी. दोन वर्षं लांबली. ते अवजार मी पुढं दुसरीकडं बघितलं, दुसऱ्या अंड्यांतून. आनंद झाला, पण नुसता कोरडा. आणि मग खूप वर्षांनी तो दिवस आला, जिवाणूच्या पोटात तयार झालेलं पोलिमरेज पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या नळीत उतरलं. विषाणू नाही, अंडं नाही, आणि तरी ते आरएनएची नक्कल उतरवत होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला एकच सुचत होतं, की हे आक्काला सांगायचं.

तेही शाळूचेच दिवस होते. ती म्हातारी झाली होती, काठी आली होती. मागं अंगणात लाल माना हिंडत होत्या. बांधावर बसून मी तिला सगळं समजावलं.

‘म्हंजी आता अंडी लागत न्हाईत?’

‘न्हाईत. जंतूच नाही त्यात, आक्का. नुसतं त्याचं अवजार. कोणाला काही होत नाही.’

‘बरं झालं बाई. कुनाच्या तरी वाचतील.’

ती इतक्या मनापासून म्हणाली की माझ्या तोंडून उरलेलंही बाहेर पडलं. इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते. सुई टोचली असती तर एकही कोंबडी मेली नसती. मला ते तेव्हाही माहीत होतं. टोचली तर अंडी माझ्या कामाची राहणार नाहीत, हेही माहीत होतं. म्हणून मी थांब म्हणाले.

आक्का काडीनं मातीत रेघा ओढत राहिली. माझ्याकडं बघितलं नाही.

‘ध्यानात हाय माज्या,’ ती म्हणाली. ‘खळ्यावर इचारलं हुतं मी. तू लय येळ गप हुतीस. मला वाटलं, पोरगी शिकल्याली हाय, माज्या कोंबड्यांचा इचार करतीया.’